लिहिणाऱ्याची सही

शिक्रापूरहून पाबळच्या बाजूला आत गेले की केंदूर लागते. शिरूर तालुक्यातले हे गाव संत कान्हुराज पाठकांचे. ज्ञानदेव-नामदेवांच्या काळाशी जोडल्या जाणाऱ्या या संतकवीची समाधी इथे आहे, आणि आजही गावाची ओळख सांगताना आधी त्यांचे नाव येते. वारकरी कवींनी एक शिस्त कटाक्षाने पाळली. अभंगाच्या शेवटी आपले नाव गुंफायचे. तेव्हा छापखाना नव्हता, मुखपृष्ठ नव्हते, प्रकाशक नव्हता. अभंग तोंडोतोंडी, गावोगाव फिरायचा, आणि रचना कोणाची हे ती रचनाच सांगायची. नाममुद्रा ही मराठीतली सर्वात टिकाऊ सही. छापील कागद नसतानाही ती शतकानुशतके टिकली.

मग छापखाना आला, रंगीत छपाई आली, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रातल्या पोरांच्या हातात चित्रकथा आल्या. त्या लाखोंनी वाचल्या गेल्या. एसटीच्या बाकावर, शाळेच्या दप्तरात भूगोलाच्या पुस्तकाआड, उन्हाळ्याच्या सुट्टीत भाड्याने पुस्तके देणाऱ्या दुकानाच्या पायरीवर. वेताळ, मॅन्ड्रेक, बहादूर, चाचा चौधरी, सुपंडी, शिकारी शंभू ही नावे घरच्या माणसांसारखी ओठांवर बसली. पण ‘हे लिहिले कोणी?’ असे त्या पोरांना कोणी विचारले असते, तर शंभरातल्या नव्वदांना उत्तर देता आले नसते. नायक सगळ्यांना ठाऊक होता. प्रकाशकाचा शिक्का पहिल्या पानावर ठसठशीत होता. चित्रकाराचा हात निदान चित्रातून ओळखू यायचा. लेखक मात्र दिसायचाच नाही.

लेखकाची सही असलेल्या चित्रकथा जमवण्याचा छंद याच कारणाने महत्त्वाचा आहे. त्यात पैसा आहे, हौस आहे, शिकाऱ्याचा पाठलागही आहे. पण त्याचा खरा उपयोग नोंदीचा. लिहिणाऱ्याच्या हाताने त्याचे नाव त्याच्याच कामावर उमटते, आणि छापणाऱ्याने जे श्रेय बारीक अक्षरात ढकलले किंवा वगळले ते पहिल्या पानावर येते.

वेताळाचा बाप आणि बहादूरचा बाप

मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडिया समूहाने इंद्रजाल कॉमिक्स सुरू केली. पहिला अंक वेताळाचा होता. पुढे इंग्रजीबरोबर हिंदी, मराठी आणि इतर भारतीय भाषांतही ती निघू लागली आणि १९९० पर्यंत चालली. वेताळ ली फॉक यांचा. अमेरिकेत १९३४ मध्ये त्यांनी जादूगार मॅन्ड्रेक निर्माण केला आणि १७ फेब्रुवारी १९३६ रोजी वेताळ. चित्रकार बदलत गेले, रे मूर, विल्सन मॅकॉय, साय बॅरी. लिहिणारा बहुतेक काळ एकच राहिला. १३ मार्च १९९९ रोजी वारेपर्यंत फॉक या दोन पात्रांसाठी लिहीत होते. साठ वर्षांहून अधिक काळ एकाच नायकाला बोलते ठेवणारा असा लेखक जगात विरळा.

इंद्रजालच्या संपादकांनी आपल्या वाचकांसाठी काही फेरफार केले. वेताळाचे मूळ जंगल ज्या नावाने ओळखले जायचे ते थेट बंगालची आठवण देणारे, म्हणून इथे त्याचे डेंकाली झाले. भारतीय वाटणाऱ्या ‘सिंग’ नावाच्या चाच्यांचेही नाव बदलले. मुखपृष्ठे भारतीय चित्रकारांनी रंगवली, त्यांत बी. गोविंद यांचा हात मोठा. म्हणजे एका मराठी अंकात किती हात गुंतले आहेत बघा: न्यूयॉर्कचा लेखक, तिकडचा चित्रकार, मुंबईचा मुखपृष्ठकार, फेरफार करणारा संपादक, आणि वेताळाला मराठी बोलायला लावणारा अनुवादक. शेवटचे नाव वाचकांच्या तोंडी कधी आलेच नाही, आणि वेताळ मराठी वाटला तो त्याच्यामुळेच. संग्राहकांनी अशा अनुवादकांचा शोध घ्यायला हवा. त्यांच्यापैकी ज्यांच्याकडे अजून पोचता येईल त्यांच्या सह्या लेखकांच्या सह्यांइतक्याच मोलाच्या.

फॉक यांची सही मराठी मुलाच्या आवाक्याबाहेरची होती. पण १९७६ मध्ये चित्र बदलले. इंद्रजालने आपला देशी नायक आणला, बहादूर. लेखक आबिद सुरती, चित्रे गोविंद ब्राह्मणिया यांची. बहादूर हा चंबळच्या डाकूचा मुलगा. बाप पोलिसांच्या गोळीने मेला, मुलाला एका पोलीस अधिकाऱ्याने वाढवले, आणि मोठा झाल्यावर त्याने डाकूंविरुद्ध गावकऱ्यांचे सुरक्षा दल उभे केले. अंगात भगवा कुर्ता, खाली जीन्स, सोबतीला कराटे जाणणारी बेला. गाव, डाकू, जमिनीची भांडणे, सूड, हा सगळा माल वाचकाच्या ओळखीचा होता. घोड नदीच्या खोऱ्यातल्या मुलाला डेंकालीच्या जंगलापेक्षा बहादूरच्या जयगढची ढेकळे जवळची वाटली तर नवल नाही.

आणि बहादूरचा लेखक मुंबईत राहत होता. १९३५ मध्ये राजुलाजवळ जन्मलेले सुरती गुजराती आणि हिंदीतले कादंबरीकार, चित्रकार, ‘धर्मयुग’मधल्या ‘ढब्बूजी’ चित्रमालिकेचे जनक. पुढे त्यांनी मीरा रोडला राहून एक वेगळेच काम उभे केले. २००७ पासून दर रविवारी प्लंबरला बरोबर घेऊन लोकांच्या घरचे गळके नळ फुकट दुरुस्त करून द्यायचे. पाणी वाचवणारा म्हातारा म्हणून त्यांची कीर्ती देशाबाहेर गेली. नळ दुरुस्त करायला आलेला हा माणूस आपल्या लहानपणीच्या बहादूरचा जन्मदाता आहे, हे ज्यांना ठाऊक होते त्यांनी दार उघडताना हातात अंक धरला असता तर केवढी मौज झाली असती!

इथे संग्राहकाच्या अभ्यासाचीही कसोटी लागते. बहादूरच्या सगळ्याच कथा सुरतींच्या नाहीत. सुरुवातीच्या कथा त्यांच्या, नंतर जगजीत उप्पल लिहू लागले. चित्रकारही बदलले. दुसऱ्याने लिहिलेल्या अंकावर सुरतींची सही घेतली तर सही खरी, पण नोंद खोटी ठरते. म्हणून जाणकार संग्राहक लेखकापुढे अंक ठेवण्याआधी आतले पान उलटून बघतो: इथे कोणाचे नाव छापले आहे?

अंकल पै आणि तीन दावेदार

अनंत पै (जन्म १९२९, कार्कळ) इंद्रजालच्या जन्माच्या वेळी टाइम्समध्येच होते. तिथून बाहेर पडून १९६७ मध्ये त्यांनी इंडिया बुक हाऊसच्या साथीने ‘अमर चित्रकथा’ सुरू केली. मालिकेतले पहिले दहा अंक परदेशी परीकथांचे. भारतीय कथांची सुरुवात अकराव्या अंकाने झाली, ‘कृष्ण’. त्याची चित्रे राम वाईरकरांची. नोव्हेंबर १९८० मध्ये ‘टिंकल’ आले. वाईरकरांचा सुपंडी, वसंत हळब्यांच्या रेषेतला शिकारी शंभू, प्रदीप साठ्यांचा कालिया कावळा या मराठी चित्रकारांच्या हातांनी देशभरची मुले हसली.

अमर चित्रकथेच्या अंकात लेखनाचे आणि चित्रांचे श्रेय छापलेले असते. कमला चंद्रकांत, लुइस फर्नांडिस, सुब्बा राव ही नावे त्या बारीक अक्षरांत सतत भेटतात. तरी वाचकाच्या लेखी सगळे ‘अंकल पैं’चे. यात पैंचा दोष नाही. संपादक म्हणून प्रत्येक अंकावर त्यांचा हात फिरला होता, आणि मुलांच्या पत्रांना उत्तर देणारा तो माणूस होता. पण एका अंकावर तीन जणांचा हक्क आहे, संपादक, लेखक आणि चित्रकार, हे संग्राहकाने विसरता कामा नये. सुपंडीच्या बाबतीत तर चौथाही आहे. हे पात्र उभे राहिले ते तिरुचिरापल्लीच्या एका वाचकाने पाठवलेल्या लोककथांवरून. वाचकानेच बीज दिले, संपादकाने ते ओळखले, वाईरकरांनी त्याला ते लांबट डोके आणि तो भाबडा चेहरा दिला. सही कोणाची घ्यायची?

वाईरकर २००३ मध्ये गेले. फेब्रुवारी २०११ मध्ये दिल्लीत भारतातले पहिले कॉमिक कॉन भरले, तिथे अनंत पैंना जीवनगौरव देण्यात आला आणि त्याच महिन्याच्या २४ तारखेला मुंबईत त्यांचे निधन झाले. भारतात चित्रकथाकार आणि वाचक एका मांडवाखाली येण्याची सोय झाली, नेमक्या त्याच आठवड्यांत या क्षेत्रातला सर्वात मोठा माणूस निघून गेला. ५ ऑगस्ट २०१४ रोजी चाचा चौधरीचे जनक प्राण हेही गेले. त्यांची ‘डायमंड’ची पुस्तके मराठीतही घरोघर होती. या पिढीच्या सह्यांची संख्या आता वाढणार नाही. ज्यांच्या घरात अशी प्रत आहे त्यांनी ती रद्दीच्या गठ्ठ्यात जाऊ देऊ नये, एवढेच.

ज्यांनी सही केलीच नाही

लेखकाच्या श्रेयाचा प्रश्न एकट्या भारताचा नाही. चित्रकथेचा धंदा जिथे फार मोठा, त्या अमेरिकेत तो अधिकच कडू आहे.

मार्च १९३८ मध्ये डिटेक्टिव्ह कॉमिक्सने जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन तरुणांना ४१२ डॉलरचा धनादेश दिला. त्यातले १३० डॉलर एका नव्या नायकाचे सर्व हक्क कायमचे विकत घेण्याचे होते. नायकाचे नाव सुपरमॅन. सीगल लेखक, शूस्टर चित्रकार. पुढची कित्येक वर्षे दोघे कोर्टकचेऱ्या आणि चणचण यांत अडकले. १९७५ मध्ये मोठ्या लोकक्षोभानंतर कंपनीने त्यांना वार्षिक तनखा बांधून दिला आणि निर्माते म्हणून नाव छापायला सुरुवात केली. तो धनादेश मात्र कोणीतरी जपून ठेवला होता. एप्रिल २०१२ मध्ये त्याचा लिलाव झाला आणि तो १ लाख ६० हजार डॉलरना गेला. त्याची किंमत कशात होती? मागच्या बाजूला. तिथे पैसे उचलण्यासाठी दोघांनी केलेल्या सह्या आहेत. सुपरमॅनच्या लेखकाची इतकी महाग सही कॉमिकवर नसून त्याच्या विक्रीच्या कागदावर आहे.

बॅटमॅनची गोष्ट आणखी जिव्हारी लागणारी. १९३९ पासून त्यावर एकच नाव छापले जायचे, चित्रकार बॉब केन यांचे, कारण करार त्यांनी केला होता. पण वेशभूषा, गॉथम शहर, अनेक खलनायक आणि सुरुवातीच्या गोष्टी घडवण्यात लेखक बिल फिंगर यांचा वाटा मोठा होता. फिंगर १९७४ मध्ये हलाखीत वारले. त्यांचे नाव निर्मात्यांच्या श्रेयनामावलीत अधिकृतपणे आले २०१५ मध्ये, मृत्यूनंतर ४१ वर्षांनी, आणि तेही एका संशोधक लेखकाने व त्यांच्या नातीने पिच्छा पुरवल्यावर. हयात असताना त्यांच्यापुढे सहीसाठी रांग लागली नाही, कारण रांगेतल्यांना ते कोण हेच माहीत नव्हते.

डॉनल्ड डकची पुस्तके कार्ल बार्क्स यांनी १९४२ पासून जवळजवळ पाव शतक लिहिली आणि काढली. अंकल स्क्रूज हे त्यांचेच अपत्य, १९४७ चे. आपल्याकडे नव्वदच्या दशकात रविवारी दूरदर्शनपुढे बसलेल्या मुलांनी तोच स्क्रूज नाण्यांच्या ढिगात पोहताना पाहिला. पुस्तकांवर मात्र फक्त वॉल्ट डिस्ने यांचे नाव असे. बदके काढणाऱ्यांमध्ये हा एक हात वेगळा आणि सरस आहे हे वाचकांनी आपणहून ओळखले होते. त्याचे नाव त्यांना १९६० च्या सुमारास कळले. त्यावर आणखी एक गंमत: डिस्नेंच्या नावाने चाहत्यांना मिळणाऱ्या कित्येक सह्याही स्टुडिओतल्या चित्रकारांनीच केलेल्या असत. म्हणजे ज्याने काम केले त्याची सही नाही, आणि ज्याची सही आहे ती त्याची नाही.

अ‍ॅस्टेरिक्स या फ्रेंच चित्रकथेवर पहिल्यापासून दोन्ही नावे होती, लेखक रेने गोसिनी आणि चित्रकार अल्बेर उदेर्झो. तरी काळाने तिथे फरक केलाच. गोसिनी १९७७ मध्ये ५१ व्या वर्षी अचानक गेले, उदेर्झो २०२० पर्यंत जगले. दोघांच्या सह्या एका प्रतीवर असणे त्यामुळे दुर्मीळ. फ्रान्सच्या आंगुलेम शहरात १९७४ पासून चित्रकथांचा मोठा उत्सव भरत आला आहे. तिथे चित्रकार सहीबरोबर पात्राचे छोटे रेखाचित्रही काढून देतो. लेखकाकडे चित्र नसते. त्याच्याकडे देण्यासारखे एक वाक्य आणि नाव, एवढेच.

चिंटूच्या कोपऱ्यातली दोन नावे

या सगळ्या पार्श्वभूमीवर पुण्याची एक चित्रमालिका वेगळी उठून दिसते. २१ नोव्हेंबर १९९१ रोजी ‘सकाळ’मध्ये ‘चिंटू’ सुरू झाली. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची. रेषा पंडितांची; कल्पना आणि संवाद दोघांच्या डोक्यातून निघणारे. तीन-चार चौकटी, त्यात चिंटू, त्याचे आई-पप्पा, पप्पू, मिनी, राजू, बगळ्या, आणि शेजारचे जोशीकाका-काकू. शाळा-क्लास-क्रिकेट यांत फिरणारे मराठी मध्यमवर्गीय बालपण त्यात रोज सकाळी चहाबरोबर येऊ लागले. २०१२ मध्ये श्रीरंग गोडबोले यांनी त्यावर चित्रपट केला, पुढच्या वर्षी दुसरा.

चिंटूची एखादी पट्टी जवळून बघावी. शेवटच्या चौकटीत बहुतेक वेळा फार काही घडत नाही. आई कमरेवर हात ठेवून उभी, चिंटूचे डोळे गोल, फुग्यात तीन-चार शब्द. हसू येते ते त्या तीन-चार शब्दांच्या जागेमुळे: ते आधीच्या चौकटीत आले असते तर विनोद मेला असता. चित्रकथेत लेखकाचे काम म्हणजे शब्द लिहिण्याइतकेच शब्द गाळणे, आणि उरलेले कोणत्या चौकटीत पडतील ते ठरवणे. वाचकाला हे काम दिसत नाही, म्हणून ते चित्रकाराच्या खात्यावर जमा होते. चिंटूने पहिल्या दिवसापासून दोन्ही नावे एकत्र छापून हा हिशेब चोख ठेवला. म्हणून चिंटूच्या संग्रहावर एकच सही असेल तर ती अर्धीच. दोन्ही नावे एका पानावर आली की ती प्रत पुरी होते.

पुण्याच्याच मातीतल्या आणखी एका लेखिकेचे नाव घ्यायला हवे. अमृता पाटील यांचा जन्म पुण्यातला, वाढल्या गोव्यात. २००८ मध्ये आलेली त्यांची ‘कारी’ ही भारतातल्या सुरुवातीच्या महत्त्वाच्या चित्रकादंबऱ्यांपैकी. नंतर महाभारतावरची ‘आदिपर्व’ आणि ‘सौप्तिक’. लेखणी आणि कुंचला एकाच हातात. त्यांच्या पुस्तकावर एक सही पुरते, आणि ती दोन्ही कामांची असते. मुंबईचे अभिजीत किणी यांच्या ‘अँग्री मावशी’लाही असेच म्हणता येईल. नऊवारी नेसून भ्रष्ट पुढाऱ्यांना बदडणारी ही मावशी किणींनी स्वतः रचली, स्वतः काढली.

मोर्तब

सही खरी कशावरून? हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. पेशवाईतली पत्रे बघितली तर मजकूर कारकुनाच्या वळणदार मोडीत असतो आणि शेवटचे शब्द पुष्कळदा धन्याच्या स्वतःच्या हातचे, वेगळ्याच, घाईच्या वळणाचे. त्यापूर्वी शिवशाहीतल्या पत्रांत वर मुद्रा आणि मजकूर संपला तिथे मोर्तब, म्हणजे त्याखाली कोणी एक ओळही घुसडू नये. हस्ताक्षराची ओळख आणि घुसडण्याला आळा या दोन्ही गोष्टींचा बंदोबस्त तेव्हाच झाला होता.

अमेरिकेत २००० साली सुरू झालेली सीजीसी ही संस्था हेच काम कॉमिक्सच्या बाजारासाठी करते. लेखक सही करताना संस्थेचा साक्षीदार समोर उभा राहतो. मग प्रतीची अवस्था दहापैकी गुण देऊन ठरवली जाते आणि ती कडक पारदर्शक पेटीत बंद होते. साक्षीदारासमोरची सही असेल तर पिवळी चिठ्ठी. साक्षीदार नसलेल्या सहीला, ती खरी असली तरी, बरीच वर्षे हिरवी चिठ्ठी मिळायची, आणि भाव खाली. बाजारासाठी हे ठीक. पण पेटी उघडली की प्रमाणपत्र गेले, म्हणजे ते कॉमिक पुन्हा कधी वाचायचे नाही. मराठी घरात जे पुस्तक तीन पिढ्यांनी वाचून पानांचे कोपरे गोल केले, त्याची पेटीतली गत कोणाला रुचेल?

आपल्याकडचा पुरावा वेगळ्या पद्धतीने बनतो. लेखकाला विनंती करावी की सहीखाली तारीख आणि गाव लिहा. मुलाचे नाव घालून ‘सप्रेम’ लिहून घेतले तर परदेशी बाजारात प्रतीचा भाव उतरतो, कारण पुढच्या गिऱ्हाइकाला दुसऱ्याचे नाव नको असते. पण नोंद म्हणून तीच प्रत वरचढ. कोणी, कोणासाठी, कुठे, केव्हा, ही चारही उत्तरे तिच्यावर मिळतात. सही घेताना त्या कार्यक्रमाची पत्रिका, छायाचित्र किंवा खरेदीची पावती प्रतीसोबत ठेवली तर आणखी बळ येते.

वाचनालयाच्या शिक्क्याचेही तसेच. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानंतर महाराष्ट्रात गावोगाव अनुदानित वाचनालये उभी राहिली, आणि त्यांतून बाद झालेली पुस्तके जुन्या बाजारात येतात. गोल शिक्का, दाखल क्रमांक, परतीच्या तारखांची चिकटवलेली चिठ्ठी. काटेकोर संग्राहक त्याला डाग समजतो. तो डाग नव्हे. एखादी चित्रकथा कोणत्या गावात, किती हातांत फिरली याचा तो एकमेव लेखी पुरावा असतो. अर्थात शिक्का बाद झाल्याचा असावा; वाचनालयातून परत न केलेले पुस्तक संग्रहात मिरवू नये.

शाई, पिना आणि पावसाळा

सही मिळाली म्हणजे काम संपले नाही. जुन्या कॉमिक्सचा कागद हलका, लाकडाच्या लगद्याचा. त्यातल्या आम्लाने आणि उजेडाने तो पिवळा पडत कुरकुरीत होतो. मधल्या दोन पिना लोखंडी. एक कोकणी किंवा मावळी पावसाळा त्यांना गंजवायला पुरतो, आणि गंजाचा तांबूस डाग मधल्या पानांवर चढत जातो. त्यातून कसर, झुरळे, वाळवी.

पहिली गोष्ट सहीच्या जागेची. चकचकीत मुखपृष्ठावर बॉलपेनची सही धड उमटत नाही, आणि दाब देऊन केली तर खाली वळ उठतो. जेल पेनची शाई दमट हाताने फासटते. जाड मार्कर पातळ पानाच्या पाठीवर उतरतो. टिकाऊ रंगद्रव्याच्या शाईचे बारीक टोकाचे पेन संग्राहकाने स्वतःच्या खिशात ठेवावे, आणि आतले पहिले पान, जिथे लेखकाचे छापील नाव आहे, तेच पुढे करावे. सही छापील नावाच्या शेजारी पडली की दोन्ही एकमेकांना साक्ष देतात. सही झाल्यावर अंक लगेच मिटू नये. शाई वाळेपर्यंत उघडा धरावा.

दुसरी, आवरणाची. दुकानात मिळणारे मऊ, वास येणारे प्लॅस्टिकचे कव्हर घालू नये, ते शाईला चिकटते. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची पारदर्शक पिशवी आणि मागे आम्लरहित पुठ्ठा हा चांगला जोड. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नये. काही वर्षांत त्याचा गोंद तपकिरी होऊन अक्षरे खातो. आणि लॅमिनेशन तर मुळीच नको. घरातली मौल्यवान वस्तू लॅमिनेट करून आणण्याची हौस आपल्याकडे दांडगी आहे, पण त्या उष्णतेत शाई विरघळू शकते आणि कागद कायमचा कैद होतो. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे असावे, कारण ओल भिंतीतून येते. आजीच्या ट्रंकेत वेखंडाचे तुकडे आणि कडुलिंबाचा वाळवलेला पाला असायचा. तो कपाटात आजही चालतो, फक्त पानांत खुपसू नये. बाइंडिंगवाल्याकडे दहा-बारा अंक एकत्र शिवायला देण्याची जुनी पद्धत होती. तिने पुष्कळ अंक वाचले हे खरे, पण यंत्राने कडा कापताना मजकूर आणि सह्याही गेल्या. आता अंक सुटेच ठेवावेत.

कुठे जायचे

१९०९ च्या ‘मनोरंजन’पासून दिवाळी अंकाची अनुक्रमणिका लेखकांच्या नावांवर चालते, कोण लिहितो ते बघून आपण अंक उचलतो. चित्रकथेलाही हीच सवय लावायची असेल तर लेखकाला भेटण्याच्या जागा माहीत हव्यात. मुंबईत कॉमिक कॉन भरते; तिथे किणींसारखे निर्माते स्वतःच्या टेबलापाशी बसून पुस्तक विकतात आणि सही देतात. पुण्यात २०२३ पासून डिसेंबरमध्ये फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर पुस्तक महोत्सव होतो. साहित्य संमेलनातले ग्रंथप्रदर्शन आहेच. जुन्या प्रती शोधायच्या तर पुण्याचा मंगळवार पेठेतला जुना बाजार, अप्पा बळवंत चौकातली दुकाने, मुंबईत फ्लोरा फाउंटन आणि माटुंग्याच्या किंग्ज सर्कलचे पदपथ.

केंदूरसारख्या गावातून पुण्याचा महोत्सव पन्नासेक किलोमीटरवर आहे. शाळेची सहल नेहमी किल्ल्यावर किंवा रांजणगावच्या गणपतीला जाते, ती एका डिसेंबरमध्ये फर्ग्युसनच्या मैदानावर नेता येईल. उलटही करता येते. सातारा जिल्ह्यातल्या भिलारला ४ मे २०१७ पासून ‘पुस्तकांचं गाव’ म्हणून घराघरांत वाचनाची सोय झाली. एखाद्या गावाच्या वाचनालयाने चित्रकथांचे एक कपाट करावे, वर्षातून एकदा एका लेखकाला आणि एका चित्रकाराला बोलवावे, आणि त्यांच्या सहीची प्रत दाखल नोंदवहीत स्वतंत्र रकान्यात चढवावी: पुस्तकाचे नाव, लेखन, चित्रे, अनुवाद, सहीची तारीख. वह्या आखून द्यायला खर्च काहीच नाही. पाहुण्यांच्या सत्काराची शाल-श्रीफळ तयार असतेच. त्याआधी मुलांना त्यांची पुस्तके वाचायला द्यावीत, म्हणजे सही मागताना प्रत्येकाच्या तोंडी एक तरी प्रश्न असेल.